व्याधाच्या मोहिमेवरचा पगार कोणत्या घड्याळाने?

शेजारच्या मुलीनं परवा संध्याकाळी फाटकातूनच विचारलं, "काका, तुम्ही फौजेच्या पगाराचे हिशेब करायचे ना? मग सांगा, वीस वर्षांच्या मोहिमेवर गेलेल्या जवानांना पगार द्यायचा कसा?" ती भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते आणि एका दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहिते आहे. कथेत पायदळाची एक कंपनी, १२० माणसं, जहाजातून व्याधाच्या ताऱ्याकडे जाते आणि परत येते. पहिल्या मसुद्यात तिनं कॅप्टनला दर एक तारखेला डेकवर नोटा वाटायला लावलं होतं. मग तिलाच प्रश्न पडला, की त्या नोटा घेऊन माणूस जाणार कुठे? "सुचेल ते लिहूनच द्या," म्हणाली. म्हणून हे.

कामठीला मी बत्तीस वर्षं जवानांच्या वेतनाच्या खात्यांवर काम केलं. अंतराळातलं मला नातवंडांबरोबर रामन विज्ञान केंद्राच्या तारांगणात बसून कळतं तेवढंच. वेगाची गणितं तिनं करून दिली, मी ती खातेवहीत चढवली.

आधी नोटांचं सांगतो, कारण ते लवकर उरकण्यासारखं आहे. फौजेत जवानाच्या हातात पूर्ण पगार कधीच पडत नसे. प्रत्येकाचं एक चालू खातं असायचं. पगार, भत्ते त्यात जमा, कपाती त्यात नावे. फील्डमध्ये असलेला जवान अ‍ॅक्विटन्स रोलवर सही करून हातखर्चापुरती रक्कम उचलायचा, ती त्याच्या पे बुकात चढायची. घरच्यांसाठी ठरलेली रक्कम फॅमिली अलॉटमेंट म्हणून परस्पर गावी जायची. उरलेलं खात्यात. राशन सरकारी, कपडा सरकारी, छप्पर सरकारी. मग हातात लागतं कशाला? साबण, बिडी, पत्ते आणि कँटीनमधलं काहीबाही. जहाजावर तर तेवढंही नाही. म्हणजे तुझ्या कॅप्टनला नोटा नकोतच, एक वही हवी.

ती वही कोणासाठी लिहायची, हा खरा मुद्दा आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मे महिना, कुलरमधलं पाणी संपलेलं, फाइलींवर घाम टपकत होता. भंडाऱ्याकडचा एक हवालदार बर्फातल्या ठाण्यावरून सुटीवर आला होता आणि घरी जायच्या आधी आमच्याकडे थडकला. पे बुक दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं. मी खातं काढून जमा रक्कम सांगायला लागलो, तर त्यानं हात वर केला. "जमा किती आहे ते मंग सांगा, साहेब. पयले हे सांगा, घरी पैसे कोनत्या तारखेले पोचले?" पे बुकाच्या शेवटच्या पानावर त्यानं पेन्सिलीनं अकरा तारखा लिहून ठेवल्या होत्या, बायकोच्या पत्रांतून उतरवलेल्या. माझ्या वहीशी त्या एकेक करून ताडून पाहिल्या. दहा जुळल्या. अकराव्या महिन्याची मनीऑर्डर आमच्या हिशेबानं गेली होती, त्याच्या पेन्सिलीनं पोचली नव्हती. त्या एका मनीऑर्डरवर तासभर गेला. खात्यातली जमा मी शेवटी कागदावर लिहून दिली, ती त्यानं घडी करून खिशात टाकली, नीट वाचलीसुद्धा नाही.

म्हणून तुझ्या कथेत पहिलं हे ठरव, की पैसा कोण आणि कुठे खर्चणार. घरी बायको, आई, पोरं असतील तर पगार नागपुरात खर्च होतो आणि नागपूरच्या घड्याळानं लागतो. घरी कोणी नसेल तर पगाराला काही अर्थच उरत नाही, मग दुसरं काही द्यावं लागतं. ते पुढे येईल.

आता तिचं गणित. व्याध आपल्यापासून ८.६ प्रकाशवर्षं. जहाज प्रकाशाच्या ८६ टक्के वेगानं जातं असं धरलं, तर जायला पृथ्वीवरची बरोबर १० वर्षं. इतक्या वेगात काळच हळू चालतो, त्यामुळे जहाजावरचं घड्याळ मात्र मंदावतं, तिथे ५ वर्षं १ महिना होतो. तिथला मुक्काम आणि वेग घेण्या-सोडण्याचा काळ तूर्त बाजूला ठेवू. येऊन-जाऊन घरी २० वर्षं, जहाजावर १० वर्षं २ महिने. महिन्यांत सांगायचं तर २४० आणि १२२.

आता समज, जवानाचे महिन्याला १०,००० रुपये भविष्य निर्वाह निधीत पडतात आणि व्याज ७.१ टक्के, जे २०२० पासून सरकारी निधीला मिळतं आहे. सगळं जहाजाच्या घड्याळानं चालवलं, १२२ हप्ते आणि तेवढ्याच काळाचं व्याज, तर परतताना साधारण साडेसतरा लाख. सगळं पृथ्वीच्या घड्याळानं चालवलं तर ५१-५२ लाख. तिसरी वाट मधली. हप्ते जहाजाच्या महिन्यांनी, म्हणजे पृथ्वीवर सुमारे दोन महिन्यांनी एक, पण व्याज पृथ्वीच्या काळानं. मग २६ लाखांच्या आसपास. माणूस तोच, पगार तोच, व्याजाचा दरही तोच. फरक फक्त घड्याळाचा. १२० जवानांच्या बराकीत हा हिशेब कोणीतरी पहिल्याच वर्षी भिंतीवर खडूनं मांडणार. तुझ्या कथेतलं पहिलं भांडण तिथूनच सुरू होऊ दे.

व्याजाच्या बाबतीत निकाल सोपा आहे, आणि तो माझा नाही. अर्थशास्त्रज्ञ पॉल क्रुगमन यांनी १९७८ साली, तरुण प्राध्यापक असताना, ताऱ्यांमधल्या व्यापारावर एक अर्धा थट्टेचा निबंध लिहिला होता. त्यांना पुढे २००८ साली नोबेल मिळालं आणि निबंध २०१० साली छापून आला. त्यातला पहिला सिद्धांत असा, की वाटेत असलेल्या मालावरचं व्याज ग्रहावरच्या घड्याळानं मोजायचं, जहाजावरच्या नाही. कारण तोच पैसा घरी बँकेत राहिला असता तर घरच्याच काळानं वाढला असता. हे कोणत्याही सावकाराला न शिकवता कळतं.

पण क्रुगमन मालाबद्दल बोलत होते. माल ड्युटी करत नाही. जवानानं केलेली मेहनत १२२ महिन्यांची आहे, २४० ची नाही. वित्त सल्लागार हे पहिल्याच टिपणीत लिहील आणि त्याचं चूक नाही. उलट बाजूनं त्याच्या बायकोनं २४० महिने किराणा भरला, तिचंही चूक नाही. माझा सल्ला असा, की पगाराचे मुळातच दोन तुकडे कर. मूळ वेतन, सैनिकी सेवा वेतन आणि हातखर्च जहाजाच्या घड्याळानं. अलॉटमेंट, महागाई भत्ता, मुलांच्या शिक्षणाचा भत्ता पृथ्वीच्या घड्याळानं, २४० महिने, एकही न चुकवता. बढती जहाजाच्या घड्याळानं, नाहीतर पाच वर्षांत लान्स नाईकाचा सुभेदार होईल आणि त्याला हुकूम द्यायला यायचं नाही. पेन्शन मात्र मी पृथ्वीच्या घड्याळाला बांधीन. आपल्याकडे जवानाला पेन्शनसाठी किमान १५ वर्षं सेवा लागते. तुझा जवान भरती झाल्या झाल्या जहाजावर चढला असेल तर जहाजाच्या हिशेबानं तो पाच वर्षं कमी पडतो, घरच्या हिशेबानं पाच वर्षं वर जातो. एका शब्दाच्या व्याख्येवर माणसाचं म्हातारपण टांगलेलं. असले शब्द आमच्या खात्यात मी पुष्कळ पाहिले आहेत.

शीतनिद्रेत घालवलेल्या महिन्यांचं वेतन द्यायचं का, असंही तिनं विचारलं होतं. द्यायचं. इस्पितळात पडलेल्या जवानाला देतोच ना. तो कुठे आहे हे त्यानं ठरवलेलं नाही, एवढं पुरे. रजेचं मात्र गमतीचं होईल. वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा धरली तर दहा वर्षांत ६०० दिवस, आणि साठवलेल्या रजेचे पैसे ३०० दिवसांपर्यंतच मिळतात. उरलेले तीनशे दिवस आकाशगंगेत विरले.

आता तिनं केलेलं दुसरं गणित, जे पाहून मी खुर्चीत सरळ बसलो. घरून दर महिन्याला एक वेतनपत्रक रेडिओनं पाठवलं तर जहाजाला ते कधी मिळेल? जाताना जहाज संदेशापासून पळत असतं. त्यामुळे दोन पत्रकांमध्ये जहाजावरचे ३.६ महिने जातात. व्याधापर्यंतच्या पाच वर्षांत एकूण १७ पत्रकं हाती पडतात, म्हणजे तिथे पोचताना त्यांना घरचं फक्त पहिल्या सतरा महिन्यांचं माहीत असतं. परतताना उलट. जहाज संदेशांना सामोरं जातं, महिन्याला साडेतीनच्या वर पत्रकं, एकूण २२३. सतरा आणि दोनशे तेवीस, दोनशे चाळीस. हिशेब जुळला की मला अजून बरं वाटतं.

यातून कथेला काय मिळतं बघ. वीस वर्षांत आपल्याकडे साधारण दोन वेतन आयोग येतात. सहावा २००६ पासून लागू झाला, सातवा २०१६ पासून. जाताना जवानांना यातलं काही कळणार नाही, सगळे शांत. परतीच्या पाच वर्षांत मात्र दोन आयोग, थकबाकी, सासऱ्याचं आजारपण, मुलीचं दहावी-बारावी-लग्न, अलॉटमेंट वाढवून मागणारी पत्रं, सगळं धो धो कोसळणार. जहाजावर बंड व्हायचं असेल तर ते परतीच्या वाटेवर होईल, हे मी खात्रीनं सांगतो. थकबाकीच्या महिन्यात आमच्या खिडकीवर जी गर्दी असायची ती मी पाहिली आहे.

घरच्या कार्यालयाची बाजू तर आणखी बिकट. लग्न, मूल, बढती, शिक्षा, मृत्यू, पगारावर परिणाम करणारी प्रत्येक घटना युनिट 'पार्ट टू ऑर्डर'नं कळवतं, आणि ती ऑर्डर आल्याशिवाय आम्ही खात्यात काडी हलवत नाही. व्याधाजवळ निघालेली ऑर्डर पृथ्वीवर पोचायला ८ वर्षं ७ महिने. म्हणजे जहाज तिथे पोचल्याची बातमी मोहिमेच्या एकोणिसाव्या वर्षात येते, आणि त्यानंतर सतरा महिन्यांत जहाज स्वतःच दारात. परतीच्या पाच वर्षांतल्या सगळ्या ऑर्डरी त्या सतरा महिन्यांत येऊन आदळणार. बिचारे कारकून. मध्ये अँटेना बिघडून सात वर्षं काहीच आलं नाही तर काय, तेही लक्षात घे. सात वर्षं ज्याची खबरबात नाही तो मेला असं धरायची तरतूद आपल्या जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १०८ मध्ये होती, नव्या कायद्यातही ती आहे. बायको कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज करते, तो मंजूर होतो, आणि दहा वर्षांनी नवरा तिच्यापेक्षा निम्मीच वर्षं म्हातारा होऊन फाटकात उभा. हे तुला आयतं दिलं.

पगार जहाजाबरोबर न्यायचा नाही आणि मागूनही पाठवायचा नाही. यासाठी पानिपताएवढं चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही. १७६० मध्ये भाऊसाहेबांना दिल्लीच्या लाल किल्ल्यातलं चांदीचं छत उतरवून नाणी पाडावी लागली, इतकी फौजेच्या खर्चाची ओढाताण. पुढे जानेवारी १७६१ मध्ये दिल्लीहून खजिना घेऊन पानिपताकडे निघालेली तुकडी रात्री वाट चुकून थेट अब्दालीच्या छावणीत शिरली आणि कापली गेली. माणसंही गेली, पगारही गेला. वाटेतला पैसा हा पैसा नसतोच. मराठ्यांकडे पगाराची दुसरी रीत होती ती वरातीची. अमुक महालाच्या वसुलातून घ्या, अशी चिठ्ठी. महाल लांब, वसूल आधीच कोणीतरी खाल्लेला, की चिठ्ठी घेऊन शिपाई सरदाराच्या दारात धरणं धरून बसायचे. तुझ्या जहाजावरचं खातं म्हणजे वीस वर्षं मुदतीची हुंडीच. ती वटवणारा सावकार वीस वर्षांनी दुकानात असेल का, हा प्रश्न तुझ्या जवानानं चढण्याआधी विचारायलाच हवा. २००६ मध्ये निघून २०२६ मध्ये परतलेल्याच्या खिशातली पाचशेची नोट नागपूरच्या कोणत्याही पानठेल्यावर चालणार नाही, आणि त्यासाठी सरकार कोसळायचीही गरज पडली नाही.

सरकारंही बदलतात. जपानी सार्जंट शोइची योकोई ग्वामच्या जंगलात २८ वर्षं लपून राहिले आणि जानेवारी १९७२ मध्ये सापडले. एवढ्या वर्षांच्या थकलेल्या पगारापोटी त्यांना मिळाले ३०० डॉलरांच्या आसपास. १९७४ मध्ये मोरोताई बेटावर तेरुओ नाकामुरा सापडले. ते मूळचे तैवानचे, आणि तैवान आता जपानचं नव्हतं, म्हणून पेन्शन नाही, हातावर फक्त ६८,००० येन. लोकांनी ओरड केल्यावर मग जास्तीची रक्कम दिली गेली. दोघांनीही नोकरी सोडलेली नव्हती. पगार आकड्यांत बांधलेला होता, तांदळात नाही. म्हणून महागाई भत्ता पृथ्वीच्या घड्याळानं, असं मी वर म्हटलं.

जहाजावरचा हातखर्च थोडा ठेव, पण शून्य ठेवू नकोस. काही विकत घेता आलं नाही तरी माणसं एकमेकांचे पहारे विकत घेतात, केस कापून घेतात, रमचा कोटा बदलतात. त्यासाठी कँटीनची कुपनं पुरेत. अमेरिकन फौजेनं १९४६ ते १९७३ पर्यंत परदेशातल्या तळांवर वेगळी लष्करी कुपनं चालवली होती आणि अधूनमधून एका दिवसात, न सांगता, जुनी बाद करून नवी आणली जायची. काळाबाजारवाल्यांची पेटी त्या दिवशी रद्दी. जहाजावर पाच वर्षांत सगळी कुपनं एकाच पत्तेबाज हवालदाराकडे जमा होणार हे उघड आहे. कुपनं बदलायचा दिवस कथेत घाल, मजा येईल. मोठी रक्कम मात्र जहाजावर कोणाच्याच हाताखाली नको. इसवी सन ८९ मध्ये रोमन सेनापती सॅटर्निनस यानं दोन लिजनांनी, म्हणजे रोमन पलटणींनी, छावणीत ठेवलेल्या बचतीच्या जोरावर बंड केलं, आणि नंतर सम्राट डोमिशियननं छावणीत ठेवायच्या रकमेवर मर्यादाच घातली. आपल्याकडे पगाराचा हिशेब सेनेच्या अधिकाऱ्याकडे नसून वेगळ्या मुलकी खात्याकडे असतो. जवान त्यावर कितीही चिडले तरी मला ते शहाणपणाचं वाटतं. तुझ्या जहाजावर एक चष्मेवाला मुलकी लेखापाल बसव, जो कॅप्टनचा हुकूम मानत नाही.

भत्त्याबद्दल एकच. सियाचीनच्या जवानाला २०१७ मध्ये महिन्याला ३०,००० रुपये जोखीम आणि कष्टाचा भत्ता ठरला. व्याधाला तो किती द्यायचा ते तू ठरव, पण तो कधी बंद होतो ते नियमात लिहून ठेव. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकून खालसा केला आणि लगेच म्हणाले, हा आता परका मुलूख नाही, सबब परमुलुखाचा भत्ता बंद. बंगाल फौजेच्या ३४ व्या पलटणीनं तिथे जायला नकार दिला, १८४४ मध्ये ती पलटणच मोडून टाकली. व्याधाभोवतीच्या एखाद्या खडकावर झेंडा लावल्या लावल्या तुझ्या जवानांचा भत्ता कापला जाईल, कारण तो मुलूख आता आपला झाला.

आणि ज्यांचं घरी कोणी उरणार नाही त्यांचं? शंभर वर्षांच्या मोहिमेला अलॉटमेंट कोणाच्या नावे लिहिणार? तिथे मी पगाराची वही मिटेन. अशा माणसाला जमीन द्यावी, तीही निघण्याआधी, नावावर करून; आणि त्याच्या भावाच्या नातवंडांना बालपरवेशी, मराठेशाहीत लढाईत पडलेल्यांच्या पोरांना मिळायची तशी. शंभर वर्षांनी उतरलेल्या माणसाला त्याचं नाव ओळखणारं एक तरी घर मिळावं, एवढ्यासाठी.

शेवटी तिनं चालता चालता विचारलेला प्रश्न. जवान वाटेतच मेला तर? माझ्या नोकरीतलं एक प्रकरण सांगतो. पुरात वाहून गेलेला एक शिपाई दोन महिने बेपत्ता होता, तेवढे दोन्ही महिने अलॉटमेंट घरी जात राहिली. मग प्रेत सापडलं आणि मृत्यूची तारीख मागची, पुराच्या दिवसाची धरली गेली. दोन महिन्यांची रक्कम जास्त गेली, म्हणून ती अंतिम हिशेबातून वळती करायची होती. नियम तसाच होता आणि वळतीच्या नोंदीखाली सही माझीच आहे. त्याची आई कागद घ्यायला आली तेव्हा तिनं रकमेबद्दल काही विचारलं नाही. "त्या पैशानं मी त्याच्यासाठी नवस केला होता," एवढंच म्हणाली.

व्याधाजवळ मेलेल्या जवानाची बातमी घरी पोचायला ८ वर्षं ७ महिने लागतील, आणि आमचा नियम लावला तर तेवढ्या सगळ्या महिन्यांची वसुली निघेल. तुझ्या जहाजाच्या वेतन नियमावलीत कलम एक असं लिही: मृत्यूची तारीख कोणतीही असो, घरचा पगार बातमी दारात पोचेपर्यंत चालू राहील, आणि त्यातला एक रुपयाही परत मागितला जाणार नाही. बाकीची कलमं वित्त सल्लागाराला लिहू दे.